बसणार कोण?

माझ्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, त्या माणसानं माझ्या मशीनचे तिन्ही ब्रॅकेट गॅस कटरनं कापून खाली पाडले. मला न विचारता! कापले ते कापले, वर त्यातल्या लालबुंद तुकड्यावर आपला जर्मनचा पेला ठेवला आणि चहा तापायची वाट पाहत बसला. या गोष्टीला आता चार वर्षं होतील. लोक म्हणतात, जाऊ द्या ना बाई, म्हातारा चक्रम होता. काऊन जाऊ देऊ? मशीन माझं होतं, लोकांचं नव्हतं.

मशीन म्हणजे बॅकहो. मोठ्या खोदाईच्या मशीनला मागच्या अंगाला खोरं लावलेला लांब हात असतो ना, तसाच हात लहान ट्रॅक्टरच्या मागे लावायला सुटा मिळतो. त्याला स्वतःची खुर्ची असते. आपण ट्रॅक्टरच्या सीटवरून उठायचं, मागे तोंड करून त्या खुर्चीवर बसायचं आणि दांडे ओढून खोदायचं. म्हणजे पाठीमागे ट्रॅक्टर, पुढे मशीन आणि मध्ये आपण.

आमचं शेत वडनेर भोलजीच्या अलीकडे. जमीन काळी, भारी. तिच्यात मी लिंबाची दोनशे झाडं लावली, मुलासारखी वाढवली, आणि फळाला आल्यावर कळलं की पावसाळ्यात तिथं पाणी साचतं. लिंबाच्या मुळाशी पाणी थांबलं की झाड वरून हिरवंगार दिसतं आणि खालून सडत असतं. दोन पावसाळ्यांत पस्तीस झाडं मी माझ्या हातानं उपटली. उरलेली वाचवायची तर ओळीओळींमधून तीन फूट खोल चर काढून पाणी नाल्यात सोडायचं, दुसरा इलाज नाही. मोठं मशीन बागेत शिरलं की फांद्या मोडतं, मुळं चेंदतं. मजूर पहिल्या दिवशी येतात, हाताला फोड आले की दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी कोणी ना कोणी आजारी पडतं. आमचा ट्रॅक्टर मात्र लहान, कपाशीच्या ओळींतून जाणारा. त्याला बॅकहो लावला तर बाग वाचणार होती. आणि हे सगळं मृगाच्या आत व्हायला हवं होतं.

ट्रॅक्टर मी चालवते. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्याकडे ट्रॅक्टरबद्दल बोलायचं झालं की माणसं माझ्या डोक्यावरून माझ्या दिराशी बोलतात. आमचे हे नांदुऱ्याला शाळेत क्लार्क, त्यांना शेतातलं गवत आणि गहू सारखाच. दीर आमच्या शेजारीच शेती करतात आणि घरातले सगळ्यात जाणते. म्हणजे असं ते स्वतः म्हणतात. जुना बॅकहो त्यांनीच कुठून तरी शोधून आणला. त्याला तीन पॉइंटचे ब्रॅकेट होते. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन दांड्या आणि वर एक दांडी असते, ज्यांना आपण नांगर, वखर अडकवतो, त्याच दांड्यांना हे मशीन अडकवायचं. "तीन पिना घातल्या का झालं वहिनी. पाच मिनिटाचं काम," भाऊजी म्हणाले. एक ऑइलचा पाइप तेवढा गळत होता. तो बदलायला म्हणून आम्ही ट्रॅक्टर आणि मशीन दोन्ही घेऊन खामगावला त्या मिस्त्रीकडे गेलो. फक्त पाइप बदलायला!

बंद पडलेल्या एका जिनिंगच्या मागे त्याचं पत्र्याचं शेड होतं. शेजारी तेलाची घाणी, त्यामुळे लोखंडाच्या कामालासुद्धा तिथं सरकीच्या तेलाचा वास यायचा. मे महिन्यात खामगावला काय ऊन असतं ते मी वेगळं सांगायला नको. त्या उन्हात हा माणूस डोक्याला लोकरीची कानटोपी घालून. ठिणगी केसात जाऊ नये म्हणून, म्हणे. मोबाइल ग्रीसच्या रिकाम्या डब्यात, वरून झाकण. डबा दिवसभर गुणगुणत राहायचा. कोणी म्हटलं, मिस्त्री, फोन वाजून राह्यला, तर म्हणायचा, "वाजू द्या. ज्याचं अडलं असन तो येईन." आणि तेच खरं होतं, येत होते लोक. अकोल्याहून यायचे, तिकडे सुलतानपूरकडून यायचे आणि शिव्या देत उभे राहायचे.

उभेच, कारण बसायला त्या शेडात एकच जागा होती. ऑइलच्या ड्रमवर भंगारातल्या ट्रॅक्टरची सीट वेल्ड करून ठेवलेली. खुर्ची नाही, बाकडं नाही. तो स्वतः उकिडवा बसायचा. आणि त्या सीटवर जो टेकला तोच मशीनवर बसणार, असं तो धरून चालायचा. एकदा म्हणे एक पुढारी कुठल्याशा कामाला आला आणि दमला म्हणून त्या सीटवर टेकला. यानं मुकाट्यानं सुतळी काढली आणि पुढाऱ्याचे हात-पाय मोजायला लागला. वर चार माणसांत सांगितलं, "याचं पोट दांड्याले लागते. दांडा पुढं सरकवा लागन." पुढारी त्यानंतर कधी त्या गल्लीत दिसला नाही.

ती सुतळी हेही एक प्रकरणच. टेप होता त्याच्याकडे, लोखंडाला टेप लावायचा. माणसाला सुतळी. खांद्यापासून मुठीपर्यंत एक गाठ, कमरेपासून गुडघ्यापर्यंत दुसरी, पाठीमागे किती जागा मोकळी सोडायची त्याची तिसरी. भिंतीवर खिळे मारलेले आणि प्रत्येक खिळ्याला एकेका माणसाची सुतळी. नाव लिहिलेलं नाही. कोणती कोणाची हे त्याला पाठ.

आम्ही पोचलो, भाऊजी सवयीनं जाऊन त्या सीटवर बसले.

"बसणार कोण?" त्यानं विचारलं. रामराम नाही, कुठून आले नाही.

"म्हणजे?"

"मशीनवर बसणार कोण?"

"आमी घरचेच हाओ ना," भाऊजी म्हणाले.

"घरचे म्हंजे कोण? घर बसते का खुर्चीवर?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडेच पाहिलं. खामगावात, घाणीवरच्या चार हमालांसमोर, मशीन आमची वहिनी चालवते असं म्हणायची त्यांना लाज वाटत होती. मला ते दिसलं आणि माझं डोकं तिथंच तापलं.

"मी बसते," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. आश्चर्य नाही, कौतुक नाही, काही नाही. "मंग तुमी उठा मालक," तो भाऊजींना म्हणाला. "बस व डायवर."

त्याच्या लेखी माणसं दोनच प्रकारची. मशीन ज्याचं तो मालक, मशीनवर बसणारा डायवर. 'मालक' तो अशा सुरात म्हणायचा की ऐकणाऱ्यानं आपल्या चपलेला काय लागलंय ते बघावं. मशीन कागदोपत्री माझंच होतं, पण मला त्यानं एकदाही मालकीण म्हटलं नाही. त्या हमालांसमोर पदर खोचून मी त्या ड्रमवर बसले आणि त्यानं सुतळीला गाठी मारल्या. मग तो मशीनभोवती फिरला, खडूनं इथंतिथं फुल्या मारल्या, काहीबाही बोलला. दोन दिवसांनी या म्हणाला. ट्रॅक्टर आणि मशीन तिथंच ठेवून आम्ही परत आलो.

दोन दिवसांनी गेलो तर पाइप बदलून तयार. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, माणूस विचित्र असला तरी कामाचा आहे. पिना घालायला भाऊजी ट्रॅक्टर मागे घेत होते, तेवढ्यात कटर पेटल्याचा आवाज आला. मी वळेपर्यंत पहिला ब्रॅकेट खाली.

"अहो! काय करून राह्यले तुमी?"

"कापून राह्यलो."

"माझं मशीन आहे ते!"

"हाव. तुहंच हाय. म्हनूनच." आणि दुसरा कापला.

भाऊजी ट्रॅक्टरवरून उडी मारून आले. "पोलिसात जाईन मी!"

"जा. येतानी चाहापत्ती आनजा," असं म्हणून त्यानं तिसरा कापला आणि त्यावर पेला ठेवला.

मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. तुझं वाटोळं होईल इथपासून सुरुवात केली. बाईमाणूस समजून फसवतोस का म्हटलं, मृग तोंडावर आलाय म्हटलं, माझी झाडं मेली तर तुझ्या दारात आणून टाकीन म्हटलं. हमाल कामं सोडून ऐकत उभे राहिले. त्यानं चहा पिऊन संपवला, पेला उपडा केला.

"झालं का बोलून?" तो म्हणाला. "आता तुले दुसरा रस्ता नाही. बस, आता बोलू."

असा निर्लज्ज माणूस! पण करते काय? तीन पॉइंटला लावायचे ब्रॅकेटच उरले नाहीत, तर ते मशीन म्हणजे अडगळ. मी बसले.

त्यानं खडूनं जमिनीवर ट्रॅक्टर काढला. चित्र मात्र सुंदर काढायचा, हे मला कबूल करावं लागेल. मागे दोन दांड्या काढल्या.

"ह्या कायले बनवल्या? नांगर उचलाले. वर जायचं तेवढं समजते याईले. खाली दाबून धरायचं समजत नाही. आता तुह्या खोऱ्याचे दात जमिनीत कायले तरी अडकले. तू दांडा ओढला. खोरं काही येत नाही. मंग मशीनच वर उठते. दांड्या मोकळ्या, त्याबी वर जातात. उठलेलं मशीन येते ट्रॅक्टरच्या सीटकडे. मधात कोण हाय?"

मी खडूच्या रेघांकडे बघत राहिले.

"मधात कोण हाय, मले सांग."

"मी."

"हं."

खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. पण राग त्याहून मोठा होता. मी म्हटलं, "तुमच्या घरचं कोणी मेलं का असं? का गिऱ्हाईक मेलं?" कारण गावागावांत त्याच्याबद्दल तसंच बोललं जायचं. कोणी म्हणायचं त्याचा भाऊ गेला, कोणी म्हणायचं साडू.

तो माझ्यावर एवढा कडाडला की जिनिंगच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "कोणी मरायलेच पायजे का? मेल्याबिगर तुमाले समजतच नाही का व? कोणी मेलं नाही म्हून कापू नये, असं हाय का?"

भाऊजी तरीही म्हणाले, "सगळे वापरतात ना पण."

"सगळे वापरतात," तो म्हणाला. "बसते कोण?"

मग दुसरी पद्धत. ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढच्या अंगापर्यंत दोन जाड बीम, सोळा बोल्टांनी आवळलेले. ही चौकट ट्रॅक्टरच्या चेसिसला धरते, मशीन तिच्यावर बसतं, आणि जोर दांड्यांवर न येता पूर्ण ट्रॅक्टरवर वाटला जातो. दोन्ही मिळून एकच धूड होतं. मजबूत. पण ती चौकट कायम पोटाखाली. माझ्या ट्रॅक्टरखाली मुळात जागा कमी, डवरणीला, म्हणजे ओळींमधलं तण काढायला, कपाशीत शिरले की चौकट वरंबे घासत जाणार. मी म्हटलं, डवरणीच्या दिवसांत चौकट सोडून ठेवू, नंतर परत लावू.

तो हसला. मी त्याला हसताना एकदाच पाहिलं, ते तेव्हा.

"सोडशीन. पन लावणार नाहीस. सोळा बोल्ट, दोन घंटे, ट्रॅक्टरखाली उताणं पडून. अन् काम असन अर्ध्या घंट्याचं. मंग कोणीतरी म्हणन, आजच्यापुरतं लटकव तीन पिनांवर. अन् तू लटकवशीन."

मला इतका संताप आला, इतका संताप आला, कारण मी अगदी तसंच केलं असतं. ओळख नाही, पाळख नाही, आणि हा माणूस माझा आळस मला दाखवत होता.

"मशीन आळशी मानसासाठी बनवा लागते डायवर," तो म्हणाला. "शहान्यासाठी त टिकास-फावडंबी पुरते."

राहिली तिसरी. बीम मशीनलाच पक्के जोडायचे. ट्रॅक्टरच्या पोटाशी, पुढच्या बाजूला दोन आकडे, मागे ॲक्सलजवळ दोन जाड पिना. मशीन आपल्या पायांवर उभं असतं, आपण ट्रॅक्टर सावकाश मागे घेत त्या बीमांवर आणायचा, पुढचे आकडे अडकले की मागून पिना ठोकायच्या. बोल्ट नाही, उताणं पडणं नाही. काढलं की पोटाखाली काही उरत नाही, कपाशीत खुशाल जा. ताकद चौकटीची आणि वेळ पाव तासाचा. मी म्हटलं, हेच पाहिजे. तो म्हणाला, हेच बनवणार होतो, तुह्या तोंडून यायची वाट पाहून राह्यलो होतो. आणि दिवस लागतील एकवीस.

"एकवीस? मृगाला सतरा दिवस राहिले!"

"मंग मृगाले सांग थांबाले."

पुढचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज आभाळाकडे बघायचे आणि त्याला शिव्या घालायचे. फोन केला की तो ग्रीसच्या डब्यात. चार वेळा एसटीनं खामगावला गेले. प्रत्येक वेळी त्यानं मला ट्रॅक्टरखाली आडवं व्हायला लावलं. आकड्यात बीम बसतो का नाही ते मी हातानं चाचपून बघायचं. पिनेत नखाएवढी ढील राहिली की म्हणायचा, "आज नखाएवढी, दिवाळीले बोटाएवढी," आणि पुन्हा सगळं काढायचा. एक पिन त्यानं पाच वेळा केली. लेथवरून पिन आली की तिचा वास घ्यायचा! मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "जयलेल्या लोखंडाचा वास येते." मला जळल्याचा सोडा, तेलाच्या घाणीशिवाय कशाचाच वास आला नाही.

बाविसाव्या दिवशी काम झालं. वाटलं, सुटले. कुठलं काय! म्हणाला, डायवरनं एकटीनं मशीन तीनदा लावून दाखवायचं, तीनदा काढून. तोवर मशीन हलणार नाही. भाऊजी मदतीला पुढे झाले तर त्यांच्यापुढे पान्हा आडवा धरला. "तुमी उभे राहा मालक. शेतात तुमी असान का रोज?" बारा वाजताच्या उन्हात, हमालांच्या देखत, मी तीनदा लावलं, तीनदा काढलं. पहिल्या वेळी पाऊण तास लागला. तिसऱ्या वेळी त्यानं घड्याळ बघितलं, मान हलवली, आणि माझी सुतळी भिंतीवर एका खिळ्याला अडकवली. शाबास म्हणेल तर शपथ.

पावसानं त्या वर्षी दहा दिवस उशीर केला म्हणून माझी बाग वाचली. त्या मिस्त्रीमुळे नाही, पावसामुळे, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते. चार दिवस उजाडल्यापासून खोदत होते. तिसऱ्या दिवशी, शेवटून दुसऱ्या ओळीत, खोऱ्याचे दात कशात तरी रुतले. त्या जागी पूर्वी बाभूळ होती, सासऱ्यांनी कधीतरी तोडलेली. खोड गेलं होतं, मूळ मातीत तसंच होतं, लोखंडासारखं. मला काय माहीत? मी दांडा ओढला. खोरं येईना. अजून ओढला.

आणि मी उठले. मशीन, खुर्ची, मी, ट्रॅक्टर, सगळं मिळून उठलं. मागची चाकं जमिनीपासून वीतभर वर गेली. अख्खं धूड त्या मुळाला लोंबकळलं, क्षणभर थांबलं, आणि मी दांडा सोडला तसं धाडकन खाली आलं. दात आपटले, जीभ चावली गेली. एवढंच. माझ्या पाठीत आणि ट्रॅक्टरच्या सीटमध्ये जेवढं अंतर होतं तेवढंच राहिलं. सुतळीच्या तिसऱ्या गाठीएवढं.

मी मशीन बंद केलं, उतरले आणि लिंबाखाली जाऊन बसले. खडूचं चित्र डोळ्यांपुढून हलेना. मधात कोण हाय? मधात मी होते, माय. पाणी प्यायले, आणि मग मला त्या माणसाचा नव्यानं राग आला. एवढं माहीत होतं तर नीट सांगायला काय झालं होतं? आधी विचारायचं, समजवायचं, मग कापायचं! न विचारता कापून मोकळा!

आता एक गोष्ट सांगते. चार वर्षं ही हकिकत मी गावभर सांगत आले आहे आणि प्रत्येक वेळी एवढी एक गोष्ट गाळत आले आहे. पहिल्या दिवशी त्यानं मशीनभोवती फिरून खडूनं फुल्या मारल्या, तेव्हा तो काहीबाही बोलला असं मी म्हटलं ना? काहीबाही नव्हतं ते. त्या तीन ब्रॅकेटवरच फुल्या मारत तो म्हणाला होता, "हे तिन्ही कापून टाकीन. यानं मानूस मरते. चालते का?" भाऊजी फोनवर बोलत होते. ते म्हणाले, "हाव हाव, करा काय करायचं ते." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हमालांकडे बघत होते, पदर सारखा करत होते. मी म्हटलं, "हाव."

मिस्त्री बोलतो आणि आपण हाव म्हणतो. डॉक्टर बोलतो, वकील बोलतो, आपण हाव म्हणतो आणि घरी येऊन म्हणतो, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. त्यानं विचारलं होतं. मीच ऐकलं नाही. आणि त्याचा राग मी अजून त्याच्यावरच काढते, कारण स्वतःवर काढायचा म्हटलं तर रोज काढावा लागेल.

दीड वर्षापूर्वी शेड बंद झालं. डोळ्यांनी दिसेना म्हणून लेक त्याला सुलतानपूरला घेऊन गेली. मी एकदा मुद्दाम गेले होते खामगावला. शेडाला कुलूप, आत डोकावलं तर भिंतीवरचे खिळे रिकामे. सुतळ्या त्यानं बरोबर नेल्या का कोणी चुलीत घातल्या, कोणास ठाऊक. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा राग आला. अजून भांडायचं बाकी होतं माझं.

या उन्हाळ्यात भाऊजींनी स्वतःसाठी एक बॅकहो आणला. तीन पॉइंटचा. पाच मिनिटाचं काम. त्यावर त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, बसणार होता. पंचावन्न वर्षांचा शांत माणूस, दोन लेकींची लग्नं केलेला. 'नाही' हा शब्द त्याला येत नाही. मी भाऊजींना अंगणात सांगितलं, हे चांगलं नाही, चौकट करून घ्या. ते म्हणाले, हाव वहिनी. बाजारातून येताना सांगितलं. हाव हाव. तिसऱ्यांदा त्यांच्या दारात उभी राहून म्हटलं, "भाऊजी, केलं नाही तर मी ते ब्रॅकेट कापीन. चालते का?" ते मोबाइलवर सोयाबीनचे भाव बघत होते. म्हणाले, "हाव ना, करा."

मला गॅस कटर चालवता येत नाही. ग्राइंडर येतो. तीन ब्रॅकेटना सगळी दुपार गेली, चार चकत्या झिजल्या, हाताला फोड आले. सालदार बाजूला उभा राहून बघत होता. त्यानं मला अडवलं नाही.

भाऊजी आले ते ओरडतच आले. सगळी गल्ली गोळा झाली. "येड्या झाल्या का वहिनी? माहं मशीन! मले न विचारता! नीट सांगाले काय झालं होतं तुमाले?"

शब्द न् शब्द माझाच होता. मी ग्राइंडर खाली ठेवला. उत्तर काय देणार? चार वर्षं मी स्वतःला दिलं नव्हतं. त्यांचं सगळं बोलून होऊ दिलं. येडी म्हणाले, घर फोडणारी म्हणाले, त्या म्हाताऱ्याची हवा लागली म्हणाले. दम लागल्यावर थांबले.

"झालं का बोलून?" मी म्हटलं. "आता तुमाले दुसरा रस्ता नाही. बसा, आता बोलू."

ते तरातरा निघून गेले. आजही बोलत नाहीत. नका बोलू. माझ्याबद्दल गावभर सांगत फिरतात, मला न विचारता कापले म्हणून. सांगा खुशाल.

ते गेल्यावर गल्ली पांगली. सालदार तिथंच उभा होता, टोपी हातात घेऊन, आपलं काही चुकलं की काय अशा तोंडानं. मी घरातून सुतळीचा गुंडा आणला आणि मशीनच्या खुर्चीवरची लोखंडाची भुकटी पदरानं पुसली.

"बसा डायवर," मी म्हटलं.